अग्रलेखाकडून ग्रंथाकडे

धरमपेठ, नागपूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

वृत्तसंपादकपद सोडून, 1956 साली नागपूरचे जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे पद कसे गेले यावर ग्रंथ लिहिण्याचा तुझा बेत आईकडून कळला आणि मनापासून आनंद झाला. घरखर्चाचे आपण समोरासमोर बोलू. आज लिहितो ते कामाविषयी.

या बाबतीत मला गोविंद तळवलकरांचे फार कौतुक वाटते. 1968 पासून 1996 पर्यंत 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादकपद सांभाळत असतानाच त्यांनी ब्रिटिश सत्तेच्या अखेरीवर 'सत्तांतर' लिहायला घेतले, आणि निवृत्तीनंतर अमेरिकेत राहून गोपाळ कृष्ण गोखल्यांचे इंग्रजी चरित्रही सिद्ध केले. (आपल्या नागपुरात 1911 साली 'हितवाद' सुरू करणारे तेच हे गोखले.) संपादकाचा व्यासंग नोकरीबरोबर संपत नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटते.

अग्रलेखाचा वाचक कालची बातमी वाचून आलेला असतो, म्हणून तिथे मत नेमके मांडले की भागते. ग्रंथाच्या वाचकापुढे मात्र सगळा पुरावा मुळापासून उभा करावा लागतो. विदर्भाने मराठी भाषकांच्या एका राज्यात यावे म्हणून नेत्यांमध्ये झालेला 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करारच घे. 'विदर्भाला आश्वासने मिळाली' एवढे वाक्य अग्रलेखात चालून जाते. तुला मात्र कोणत्या कलमात काय कबूल केले होते ते सांगावे लागेल, आणि 1955 साली राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केलेली असतानाही 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात का गेलो, याचा उलगडा दोन्ही बाजूंची कागदपत्रे वाचूनच करावा लागेल.

छापून आलेल्या लेखांची जुळवाजुळव करून प्रकाशकाकडे जाऊ नकोस, ही माझी आग्रहाची विनंती. तशा संग्रहात दर लेखात तीच पार्श्वभूमी पुन्हा येते आणि विषय पुढे सरकत नाही. ग्रंथालयात जुन्या फायली चाळताना वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक तिथल्या तिथे टिपून घे. तो कागद घडीवर तुटतो, आणि कडा झिजून तारखेची ओळच बहुधा आधी जाते.

दिवाळीला येशील तेव्हा पहिले प्रकरण संदर्भटिपांसह घेऊन ये. रात्री वृत्तपत्राचे पान छपाईला सोडण्यापूर्वी वाचत असे तसेच, हातात पेन घेऊन मी ते वाचीन.

तुझे,
बाबा