‘पेटीत ठेवलं होतं’ एवढ्यावर भागत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की महिना-दीड महिन्यात तक्रारी येऊ लागतात. पोरगं लक्ष देत नाही, लिहायला बसवलं की खिडकीबाहेर बघतं, मुलांत मिसळत नाही. जन्माची विचारपूस केली, तर घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘थोडे दिवस पेटीत ठेवलं होतं.’ किती आठवड्यांना जन्मलं, वजन किती भरलं, पेटीत का ठेवलं, यातलं काही सापडत नाही. फाईल बारशानंतर माळ्यावर गेलेली असते, नाहीतर रद्दीत.

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३५ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या साधारण दोन-तृतीयांशच असतं. उरलेली वाढ शेवटच्या चार-पाच आठवड्यांत व्हायची असते. काही अडचण नसताना निव्वळ मुहूर्तासाठी ३७ व्या आठवड्यात सिझेरियन मागणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांत पुढे लक्ष न टिकणं, भित्रेपणा आणि बरोबरीच्या मुलांत बुजणं जास्त दिसतं. अशी मुलं सहसा धिंगाणा घालत नाहीत. त्यामुळे ‘भोळं आहे हो’ म्हणून तीन-चार वर्षं सहज निघून जातात. मुलींच्या बाबतीत तर हमखास.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर राहिला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर वारेचा रक्तपुरवठा अनेकदा आखडलेला असतो. बाळ पोटातच बारीक राहतं, आणि आईचा जीव वाचवायला बाळंतपण लवकर करावं लागतं. बाळाला असा दोन्हीकडून मार बसतो. अशा मुलांत अतिचंचलता आणि स्वमग्नता थोडी जास्त आढळते. त्यात रक्तदाबाचा वाटा किती, लवकर जन्माचा किती आणि आनुवंशिकतेचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. बहुतेक मुलं नीट वाढतात, त्यामुळे यावरून सुनेला बोल लावायचं काहीच कारण नाही.

साखरेचं गणित वेगळं. आईची वाढलेली साखर नाळेतून बाळाकडे जाते आणि बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवू लागतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र चालूच राहतं. पहिल्या काही तासांत बाळाची साखर कोसळते ती यामुळे. ती फार खाली जाऊन बराच वेळ तशीच राहिली, तर मेंदूच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागाला इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजायचं आणि टाचेतून रक्त घेऊन साखर बघायची. मध चाटवत बसायचं नाही. आईची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, उपाशी असायची गरज नाही. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त भरली तर उपचार सुरू. ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत.

आपल्याकडे यात मिश्रीची भर. दात घासायला म्हणून घेतलेली मिश्री तंबाखूच आहे, आणि तंबाखूने बाळाचं वजन घटतं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही. लोह आणि या दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर हवं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मोजताना हटकून घोळ होतो. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ दहा आठवडे आधी आलं. ते सहा महिन्यांचं झालं, तरी वाढ तपासताना साडेतीनच महिन्यांचं धरायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. वय कमी धरण्याची ही सवलत दोन वर्षांपर्यंत, त्यापुढे नाही. तीन महिन्यांनंतरही अंगठा मुठीत घट्ट मिटलेला असेल, लंगोट बदलताना मांड्या आवळल्या जात असतील, तर थांबू नये. पांगुळगाडा तर आणूच नये, त्यात मूल चवड्यांवर रेटायला शिकतं.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दोन किलोंखालच्या किंवा ३४ आठवड्यांआधीच्या बाळाची ३० दिवसांच्या आत, फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाच्या कानांसाठी बेरा चाचणीच (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघणारी) करावी. साध्या चाचणीत पास झालेल्या बाळातही श्रवण-नसेचा दोष सुटून जातो. ‘याचा बापही उशिराच बोलला’ हे ऐकून घ्यावं आणि तरीही चाचणी करावी.

जन्मनोंदणीच्या अर्जात वजन आणि गर्भधारणेचे आठवडे भरले जातात, पण दाखल्यावर ते येत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. त्यांच्या तपासणीत आणि शाळेच्या प्रवेश अर्जात पहिले दोन रकाने असावेत: जन्मावेळचे आठवडे आणि वजन. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचं गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड बहुधा गावी राहतं, बाळ इथे जन्मतं आणि हंगाम संपला की परत जातं. अशा बाळाच्या डिस्चार्ज कागदाच्या प्रत्येक पानाचा फोटो वडिलांच्या मोबाइलमध्ये काढून देणं, एवढं काम घरी सोडतानाच पाच मिनिटांत होतं.

आपले,
बालविकास व पुनर्वसन क्षेत्रातील काही कार्यकर्ते,
कोल्हापूर