रतामाच्या झुडपाखाली

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी फोन ठेवला, पण बाबा, तुमचं ते वाक्य मनातून जाईना. "जग आता राहण्यासारखं उरलं नाही गं." मागून आई म्हणाली, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बातम्या बघतात, मग झोप कुठून येणार?" तेव्हाच काही बोलायला हवं होतं. सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

धीर कुठून घ्यायचा हे मी तुमच्याकडे बघूनच शिकले. पाठीला चिकटपट्टी लावलेलं तुमचं बायबल, स्तोत्र 46च्या पानाचा मऊ पडलेला कोपरा, "देव आमचा आश्रय व सामर्थ्य आहे" याखाली लाल पेन्सिलीची रेघ. लहानपणी वाटायचं, हे वचन म्हटलं की संकट टळतं. पण पर्वत समुद्रात कोसळतात हेही त्याच स्तोत्रात, पुढच्याच ओळीत आहे.

माझी नोकरी गेली तेव्हा तुम्हाला मी निम्मंच सांगितलं होतं. त्या दिवसांत प्रार्थनेला शब्दच येत नव्हते. एका रात्री बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकाचा अध्याय 19 उघडला. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरताना पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसतो. देव त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. झोपू देतो. मग दूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो! दूतही परत येतो, खायला सांगतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. त्या अन्नाच्या बळावर तो 40 दिवस, 40 रात्री चालून होरेब डोंगराला पोहोचतो. मी त्या रात्री एवढंच वाचलं, दिवा मालवला आणि कितीतरी दिवसांनी झोपले.

होरेबवर वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. परमेश्वर त्यांत नसतो. नंतर शांत, मंद वाणी येते. बाबा, रात्रभर टीव्हीवर वारा, भूकंप आणि अग्नीच तर चालू असतो. बातम्या बघूच नका असं मी म्हणत नाही. माणसांसाठी प्रार्थना करायची तर त्यांचं दुःख कळायला हवं. पण दिवसाचा शेवटचा शब्द बातम्यांचा नको. "मी एकटाच उरलोय" म्हणणाऱ्या एलीयाला देव सांगतो, बआल या खोट्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7000 जण आहेत. त्याला त्यातला एकही दिसत नव्हता.

आणि आई, रडू आलं की "माझा विश्वास कमी पडतो" असं म्हणू नकोस. विलापगीत हे अख्खं पुस्तकच रडण्याचं आहे. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे तुझं लाडकं वचन तिथलंच, पाचांतल्या मधल्या अध्यायातलं. त्याच्या आधीही रडणं आहे, नंतरही आहे. तरी ते बायबलमध्ये आहे.

उद्यापासून रात्री 9 वाजता मी फोन करीन. बाबांनी मोठ्याने एक अध्याय वाचायचा, आपण दोघींनी ऐकायचं. सुरुवात स्तोत्र 46ने. त्याआधी दोघांचं जेवण झालेलं असू दे, आणि नंतर टीव्ही लावायचा नाही.

तुमची लेक