ग्रेट डेनला पट्ट्यावर चालायला शिकवणाऱ्या ताईंचे आभार

प्रिय ताई,

पुण्यात ग्रेट डेन जातीचे मोठे कुत्रे पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. तुमचं शिकवणं इतरांच्याही कामी यावं, म्हणून ते सगळ्यांसमोर लिहितोय.

'मोठा झाला की शिकवू' हा समज तुम्ही मोडून काढलात, त्याचे आभार सगळ्यात आधी. दोन महिन्यांच्या पिल्लाने ओढलं की कौतुक वाटतं. सहा महिन्यांत तेच पिल्लू 30-40 किलोचं होतं आणि ओढलं की हवं तिथे जाता येतं, हे तोवर त्याला पक्कं कळलेलं असतं. पूर्ण वाढलेल्या 60-70 किलोच्या नराशी ताकदीची झटापट करून काहीच साधत नाही.

म्हणून तुम्ही सुरुवात घरातच करायला लावलीत: एका वेळी फक्त 3-5 मिनिटं, 5-6 फुटी साधा रुंद पट्टा, आणि तो अडकवायची हार्नेसची (छाती-खांद्यांभोवती बांधायच्या पट्ट्यांची) कडी छातीवर. पट्ट्याचा फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटायची, मनगटाला वेढे द्यायचे नाहीत. झटका बसला तर मनगटच जातं. आपोआप गुंडाळणारा दोरीचा लीश या जातीसाठी नकोच. पट्टा ताणला की जागच्या जागी उभं राहायचं. मागे खेचलं की तोही उलटा जोर लावतो. त्याने वळून पाहिलं, पट्टा सैल पडला, की लगेच 'शाब्बास' आणि वाटाण्याएवढा चिकनचा तुकडा, तोही आपल्या डाव्या मांडीला हात टेकवून. हात पुढे करून खाऊ दिला तर कुत्रा पुढे येऊन आडवा उभा राहायला शिकतो. इतकी बारीक गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली नव्हती.

घरातल्या एकानेही 'जाऊ दे आज' म्हणत त्याला झुडपापर्यंत ओढू दिलं, तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते. कधीमधी फळणारी खोड सुटायला जास्त वेळ लागतो. रस्त्यावरची कुत्री दिसली, तर आपला कुत्रा अजून खाऊ घेतोय तेवढ्या अंतरावरूनच वळायचं. तो खाऊ घेईनासा झाला, म्हणजे आपण फार जवळ गेलो.

व्यायामाबद्दल तर तुमचे आभार मानावे तितके थोडेच. एवढा मोठा कुत्रा म्हणजे भरपूर पळवायला हवा, असंच सगळे सांगतात. पण या जातीची हाडं साधारण 18 ते 24 महिन्यांपर्यंत वाढत असतात. तोवर सायकलमागे पळवणं, गाडीतून उडी मारू देणं, जिन्यावर वरखाली करायला लावणं सांध्यांना महागात पडतं. त्याऐवजी मातीच्या वाटेवर 15-20 मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या, हुंगत हुंगत, त्याच्या चालीने. हुंगण्यातही कुत्रा दमतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर चटया घाला, हेही तुमचंच सांगणं.

एप्रिल-मे महिन्यांत हाताची मागची बाजू डांबरावर 7 सेकंद टेकवून बघायची. चटका बसला तर फेरी रद्द. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर धावपळ नाही. पोट फुगलेलं, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, लाळ गळते, कुत्रा एका जागी टिकत नाही, असं दिसलं की घरगुती उपाय न करता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठायचा. पोटाला पीळ पडलेला असेल तर काही तासांतही जीव जाऊ शकतो. त्या दवाखान्याचा रात्रीचा नंबर आधीच शोधून फ्रिजवर चिकटवायला तुम्ही प्रत्येक घराला लावलंत. तो आमच्या सगळ्यांकडे आजही आहे.

मनापासून आभार, ताई.

आपले,
पुण्यातले ग्रेट डेनवाले