म्हातारपणी टंचाईची सवय होते, हे कोणी ठरवले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आर्थिक ओढाताण आणि नैराश्य यांवरचा आपल्या कालच्या पुरवणीतील लेख वाचला. लहानपणीची हलाखी मोठेपणीही पाठ सोडत नाही, पदरात लहान मुले असलेले आईबाप सर्वांत जास्त भरडले जातात, हे मान्य. पण ज्येष्ठांना मात्र लेखकाने 'त्यांना सवय झालेली असते' एवढ्यावर निकालात काढले. याचा मनापासून राग आला.

वय वाढते तसा टंचाईचा नैराश्यावरचा परिणाम कमी होतो, असे मिरोव्स्की आणि रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये मांडले होते. कमी होतो, नाहीसा होत नाही! शिवाय जुनी माणसे 'मन उदास आहे' असे सहसा बोलत नाहीत. पाठ दुखते, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, हेच सांगतात. त्यातले वयामुळे किती आणि नैराश्यामुळे किती, हे ओळखणे इतके अवघड की १९८० च्या दशकात ज्येष्ठांसाठी नैराश्याची वेगळी प्रश्नावली करावी लागली.

माझ्या सासूबाई रक्तदाबाची गोळी नखाने मोडायच्या. अर्धी घ्यायच्या, अर्धी डबीत. पाकीट महिनाभर पुरले पाहिजे ना! चष्म्याचा नंबर वाढला तरी काच बदलू दिली नाही. वाचन सुटले, मग बोलणेही कमी झाले. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "वय झालंय, असं चालायचंच." गोळ्या परवडतात का, हा साधा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, तोवर त्यांनी अंथरूण धरले होते.

तरुण माणसाला निदान उद्याच्या कमाईची आशा असते. पंचाहत्तरीच्या माणसाने कशाच्या भरवशावर तग धरायचा? हातची पुंजी संपत चालली की उरलेल्या वर्षांचीच भीती वाटू लागते. याला सवय म्हणायचे?

ज्येष्ठांच्या नैराश्यावर आपण स्वतंत्र लेख द्यावा, आणि तो त्यांना रोज तपासणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

आणखी एक. मदतीचा दूरध्वनी क्रमांक आपण पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापता. तो कृपया ठळक छापा. ज्यांना त्याची गरज आहे, त्यांना तो दिसत नाही.

आपली,
एक जुनी वाचक