ओले गणवेश आणि घामाचा वास

संपादक महोदयांस,

कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत धुतलेला कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मे महिन्यात अंग पुसून होईपर्यंत पुन्हा घाम सुटतो. अशा हवेत अंगाला वास येणे हा कोणाच्या संस्कारांचा प्रश्न नाही. तरीही सहावी-सातवीच्या वर्गांत एखाद्या मुलाशेजारी बसायला इतर मुले नकार देतात, त्याला नावे ठेवतात, आणि नेमके काय करावे हे मात्र त्याला ना घरी कोणी सांगते ना शाळेत. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावरही या मौनाची मला खंत वाटते.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. शरीर थंड ठेवणारा खारट, पाण्यासारखा घाम अंगभर सुटतो. पण काखा आणि जांघांमध्ये वेगळ्या प्रकारच्याही ग्रंथी असतात, त्या वयात येताना काम करू लागतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात. त्वचेवरचे जिवाणू त्यांचे विघटन करतात, तेव्हा तो उग्र दर्प तयार होतो. कालपर्यंत ज्या मुलाच्या घामाला वास नव्हता, त्याला या वयात तो अचानक येऊ लागतो तो यामुळे.

म्हणून अंगावर चार तांबे ओतून न्हाणीघरातून बाहेर येणे पुरेसे नाही. काखा, जांघा आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या रोज साबणाने धुवायला हव्यात आणि तितक्याच काळजीने कोरड्या करायला हव्यात, कारण ओलाव्यात जिवाणू फोफावतात. पावसाळ्यात घरभर एकच कुबट, दमट पंचा फिरत असेल, तर या धुण्याचा निम्मा उपयोग वाया जातो. न धुतलेल्या अंगावर सुगंधी फवारा मारल्याने वास तासाभरापुरता झाकला जातो, इतकेच. घामच कमी करणारी जी उत्पादने मिळतात, त्यांत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. ती रात्री कोरड्या काखेत लावल्यास अधिक परिणाम करतात. आपली तुरटीही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे, ती स्वस्त आहे आणि आंघोळीनंतर काखेत हलकेच फिरवली तर अनेकांना पुरते. लिंबू किंवा खाण्याचा सोडा काखेत चोळण्याचे सल्ले मात्र मुलांनी ऐकू नयेत. त्याने कातडीची आग होते.

मासळीवर पोट असलेल्या घरांतील मुलांविषयी मला विशेष सांगायचे आहे. मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत कितीतरी मुले सकाळी आईला मासळीच्या कामात हातभार लावून मगच शाळेत येतात. त्यांच्या हातांचा वास मासळीतल्या अमाइन रसायनांचा असतो. लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या आंबटपणाने तो कमी होतो, मग साबण लावावा. तो कामाचा वास आहे. त्यावरून होणारी चेष्टा शिक्षकांनी तिथल्या तिथे थांबवली पाहिजे.

प्रश्न कपड्यांचाही आहे. अनेक गणवेश पॉलिस्टर-मिश्रित कापडाचे असतात आणि सुती कापडापेक्षा पॉलिस्टरमध्ये घामाचा वास जास्त धरून राहतो. ज्या मुलाकडे गणवेशाचा एकच जोड आहे, ते ओलसर सदरा तसाच चढवून एसटीने शाळेत येते आणि भिजलेले बंद बूट दिवसभर पायांत ठेवते. नुसता वासच नव्हे, गजकर्ण आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखल्याही यातूनच बळावतो. अशा मुलाला स्वच्छतेवर व्याख्यान देऊन काय साधणार?

इतकी काळजी घेऊनही वास जात नसेल किंवा घाम अतोनात येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत. श्वासाला फळांसारखा गोडसर वास आणि सोबत खूप तहान, उलट्या अशी लक्षणे दिसली, तर मधुमेहाची शंका धरून मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे.

किनारपट्टीवरील शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे की, जूनमध्ये पाचवीपासून पुढच्या वर्गांसाठी एक तास या विषयाला द्यावा, मुलगे आणि मुली दोघांनाही हे मोकळेपणाने समजावून सांगावे. आणि सप्टेंबर संपेपर्यंत गणवेश वाळला नसेल त्या दिवशी कोणताही कोरडा कपडा व बुटांऐवजी सँडल चालतील, असे सूचनाफलकावर लेखी लावावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी