सीएचरूट म्हणजे तुरुंग नव्हे

संपादक महोदय,

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील लेखात ‘सर्व्हर प्रोग्रॅम सीएचरूटमध्ये टाकला की तो कोंडला गेला’ असे विधान आहे. या समजुतीने सर्व्हर उघडे पडतात, म्हणून लिहीत आहे.

सीएचरूट (chroot) हा युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली आलेला सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे केलेली मागणी. तो एकच गोष्ट बदलतो: त्या प्रोसेससाठी, म्हणजे चालू प्रोग्रॅमसाठी, ‘/’ (फाइलींच्या झाडाचे मूळ) म्हणजे कुठली डिरेक्टरी. चालू डिरेक्टरी होती तिथेच राहते, आधी उघडलेल्या फाइल्सही उघड्याच राहतात. प्रोसेस बाहेरच उभी असेल तर ‘..’ची एकेक पायरी चढत ती खऱ्या मुळापर्यंत जाते. रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार शिल्लक असतील तर बाहेर पडणे आणखी सोपे. आत नवी डिरेक्टरी करायची, चालू डिरेक्टरी न बदलता तिच्यावर पुन्हा सीएचरूट करायचे, की वाट मोकळी!

म्हणून क्रम सांभाळावाच लागतो. नको असलेल्या फाइल्स बंद करा (उघडी राहिलेली डिरेक्टरी सर्वांत धोक्याची), नव्या डिरेक्टरीत जा, सीएचरूट करा, लगेच ‘/’मध्ये जा. मग रूटचे अधिकार सोडा: सेटग्रुप्स आणि सेटजीआयडीने ग्रुप बदला आणि सर्वांत शेवटी सेटयूआयडीने युजर. सेटयूआयडी आधी केले तर ग्रुप बदलण्याचा अधिकारच उरत नाही. प्रत्येक कॉल यशस्वी झाला का, ते तपासा. सेटयूआयडी फसले आणि लक्षात आले नाही, तर प्रोग्रॅम रूट म्हणूनच चालत राहतो. नव्या मुळाची मालकी रूटकडे हवी आणि त्या प्रोग्रॅमच्या युजरला तिथे लिहिता येता कामा नये.

आत प्रोग्रॅम चालवताना फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश आला, तर बहुधा डायनॅमिक लोडर (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणारा) आत कॉपी झालेला नसतो. एलडीडी (ldd) ही कमांड चालवून लोडर आणि लायब्ररींची यादी काढा आणि सगळ्या त्याच पाथवर ठेवा.

हे सगळे केले तरी नेटवर्क वेगळे होत नाही. त्यासाठी लिनक्समध्ये नेमस्पेस (प्रोसेसला नेटवर्कसारख्या गोष्टी वेगळ्या करून देणारी सोय) आहेत, फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टिममध्ये २००० पासून जेल ही कोंडण्याची सोय आहे.

सीएचरूटचा खरा उपयोग बूट न होणारी सिस्टिम दुरुस्त करताना होतो. लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करून मूळ पार्टिशन माउंट करा, डेव्ह, प्रॉक आणि सिस (उपकरणे, प्रोसेस आणि सिस्टिमची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरी) आत बाइंड करा, म्हणजे तिथेही दिसतील अशा जोडा, मग सीएचरूट करून बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पुन्हा बसवा. बूटचे पार्टिशन वेगळे असेल तर तेही आधी माउंट करायला विसरू नका. नाहीतर नव्या फाइल्स रिकाम्या डिरेक्टरीत पडतात आणि मशीन पुन्हा तिथेच अडते.

— एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर