देवाचं नाही, माझं आहे

कामशेत,
२३ फेब्रुवारी २०२४

प्रिय दत्तू,

दिवाळीत तुझा फोन आला, मी उचलला नाही. मग करतो-करतो म्हणत संक्रांतही गेली. राग धरू नकोस. तब्येत बरी आहे. साखर किंचित वाढलीय, गोळी सुरू आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं; आता तांदळातला खडा ती ओसरीवरून दाखवते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फोनवर मला जमलं नसतं. तू मध्येच हसला असतास आणि मी फोन ठेवून दिला असता.

१४ तारखेला वसंत पंचमी होती. पंढरपुरात त्या दिवशी विठोबा-रखुमाईचं लग्न लागतं, म्हणून आमच्या आईनंही देव्हाऱ्यातल्या जोडीला हळद लावली. अंतरपाट म्हणून माझा धुतलेला रुमाल. मला म्हणाली, "एवढी फुलं विलायतेला धाडतोस, देवाच्या लग्नाला चार आण." मी आणली. ती हार ओवायला बसली, एक फूल कमी पडलं, म्हणून उठून तिनं फळीवरच्या तांब्यात ठेवलेला गुलाब उचलला. तेवढ्यात प्राजू आतून आली आणि म्हणाली, "आजी, ते देवाचं नाही. माझं आहे."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. आईनं फूल परत तांब्यात ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मालती परातीतली कणीक मळत राहिली, मळून झालेली.

फूल मी हात न लावता ओळखलं. टॉप सीक्रेट जातीचा लाल गुलाब, साठ सेंटिमीटरची दांडी, बड कॅपमध्ये वाढलेली कळी. माझ्या दोन नंबरच्या पॉलिहाऊसमधलं. आपल्या पोराचा चेहरा ओळखावा तसं ओळखलं मी ते. आणि त्याच क्षणी मला आदल्या रात्रीचं रजिस्टर आठवलं. रात्री मी पॅकहाऊसचं रजिस्टर तपासतो, ते तुला माहीत आहे. १३ तारखेच्या पानावर सगळ्या जुड्या-जुड्यांच्या नोंदी, दादरला इतक्या, गुलटेकडीला इतक्या. आणि शेवटी एक ओळ: "सुटं फूल, ६० सें.मी., नग १, रोख १८ रु." पुढे सही. अंकुशची. मी म्हटलं, ड्रायव्हरनं बायकोसाठी नेलं असेल आणि यानं त्याच्या वतीनं सही केली असेल. पान उलटलं.

दत्तू, पॅकहाऊसमध्ये सीझनला कोपऱ्यात ढीग पडतो. वाकड्या दांडीचं, पाकळीला डाग पडलेलं, चाळीस सेंटिमीटरच्या आतलं. त्यातलं एक उचललं असतं तर कुणी बघितलंसुद्धा नसतं. बायका रोज केसात माळून जातात, मी कधी काही बोलत नाही. यानं एक्स्पोर्टच्या दर्जाचं फूल घेतलं, त्या दिवशीचा लोकल भाव लावला, पैसे गल्ल्यात टाकले आणि नाव लिहिलं. बाजारापासून लपवायचं नव्हतं की माझ्यापासून, ते मला अजून कळलेलं नाही.

तुला १९९२ ची संक्रांत आठवतेय ना. मला विसरता येत नाही, आणि या दहा दिवसांत तर रोज रात्री येते. मास्तरांच्या परसातला गावरान गुलाब, पहाटे कुंपणावरून हात घालून तोडलेला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिळाचे लाडू. तू म्हणतोस तीन होते. पाच होते! मी मोजून दिले होते, तिच्या दारापर्यंत जाताना दोन तुझ्या पोटात गेले. ३२ वर्षं झाली तरी तू कबूल करत नाहीस. पण लाडवांचं सोड. तिच्या वडिलांनी, तात्यांनी, तुला बाजारात, सगळ्यांच्या देखत, कानाखाली दिली आणि विचारलं, कुणी पाठवलंय. तू नाव घेतलं नाहीस. मी गिरणीच्या मागे उभा होतो. मला तात्यांचा आवाज ऐकू येत होता, चप्पल ऐकू आली, तरी मी बाहेर आलो नाही. नंतर आठ महिने तू लोकलला दुसऱ्या डब्यात बसलास ते योग्यच होतं. मी तेव्हा म्हणालो होतो, तूच मूर्खासारखा पुढच्या दारानं गेलास. ते बोलणं मी आज मागे घेतो. फार उशीर झालाय, तरी घेतो.

तिचं लग्न त्याच वैशाखात उरकलं. तिला ते फूल हवं होतं का, हे तुझ्या-माझ्यापैकी कुणालाच माहीत नाही. तात्यांनी तिला विचारलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. फूल आधी पाठवलं.

आणि आता तात्यांच्या जागी मी बसलोय.

अंकुशला तू बघितलंयस. गेल्या खेपेला तुला भिंग देऊन पानाखालचा लाल कोळी दाखवत होता तोच. बीडकडचा. आई-बाप ऊसतोडीला जातात, दसरा झाला की घराला कुलूप. तळेगावात फुलशेतीचं ट्रेनिंग केलं आणि २०१९ मध्ये माझ्याकडे आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाकी सगळे गावी निघून गेले, हा राहिला. गुलाबाचं कसं असतं, माल विकला जावो न जावो, फूल कापावंच लागतं, नाहीतर झाड बसतं. रोज पहाटे आम्ही दोघं फुलं कापायचो आणि खड्ड्यात नेऊन टाकायचो. एक दिवस तो खड्ड्याच्या काठावर बसून रडला. मला म्हणाला, "मालक, बाप उसाचा पाला जाळतो तेव्हा बी एवढं वाईट नाही वाटलं." त्या दिवसापासून मी त्याला नोकर म्हणून कधी बघितलं नाही. पण जावई म्हणूनही कधी बघितलं नव्हतं. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम माझ्या डोक्यात बसत नाही.

समाज वेगळा. घर म्हणजे पत्र्याची खोली. भावकीला कळलं तर काय होईल ते तुला सांगायला नको, तू आमच्या भावकीच्या दोन पंगती जेवलायस. थोरल्या दादाला कळलं तर आधी अंकुशला हाकलायला येतील, मग मला अक्कल शिकवतील. प्राजूचं बी.एस्सी. ॲग्री होऊन वर्ष झालं, दोन स्थळं आलीत, एकाची तर पत्रिकाही जुळतेय. मालती म्हणते, फूल दिलं म्हणजे लगेच काय झालं, आजकाल पोरं देतात. पण तीच रात्री उठून ओसरीवर बसते.

मी गेली १५ वर्षं व्हॅलेंटाइनच्या या एका दिवसासाठी जगतोय, दत्तू. डिसेंबरच्या सुरुवातीला फांद्या वाकवायच्या, की पन्नासेक दिवसांनी, २५ जानेवारीच्या सुमारास माल सुरू व्हावा. थंडी जास्त पडली तर कळी अडून बसते, ऊन तापलं तर आठ दिवस आधीच फुलते आणि सगळं मातीमोल. रात्री उठून पडदे लावायचे, डाऊनीची बुरशी आली का म्हणून बॅटरीच्या उजेडात पानं बघायची. केनिया-इथिओपियाच्या मालापुढे आपला माल टिकवायचा. १० फेब्रुवारीपर्यंत परदेशचं संपतं, मग चार दिवस लोकल. यंदा लोकलला भाव बरा लागला. इतकी वर्षं मी फुलाची दांडी मोजली, कळीचा घेर मोजला, कोल्ड स्टोरेजचा काटा दोन आणि चारच्या मध्ये आहे ना ते बघितलं. ते फूल शेवटी कुणाच्या तरी हातात जातं आणि ते माणूस घरी जाऊन ते तांब्यात ठेवतं, हे मी डोळ्यांनी यंदा पहिल्यांदा बघितलं. माझ्या घरात.

डच गुलाबाला वास नसतो. तरी प्राजू त्याच्याजवळून जाताना दर वेळी वाकते. नऊ दिवस टिकलं ते फूल. रोज पाणी बदलत होती, दांडी रोज बोटभर तिरकी कापत होती, जशी मीच तिला लहानपणी शिकवली होती तशी. काल पाकळ्या गळाल्या, तर तिनं त्या आईच्या ज्ञानेश्वरीत ठेवल्या. आईनं ठेवू दिल्या! वारकरी बाईनं, जिच्या पोथीला मी पारोशा हातानं शिवलो तर अजून ओरडते तिनं.

अंकुश रोज सहाला कटिंगला येतो. पूर्वीसारखाच. मी बोललो तर बोलतो, नाहीतर कटर घेऊन बेडमध्ये शिरतो. वाट बघतोय मी काही बोलण्याची, हे त्याच्या पाठीवरून कळतं. काढून टाकू म्हटलं तर तोंडातून शब्द फुटत नाही. कारण काय सांगू? चोरी केली म्हणू? पावती आहे त्याच्याकडे. माझ्याच रजिस्टरात.

तू म्हणशील, आधी पोरीला विचार. तेच जमत नाहीये. दहा दिवस ती ताट वाढते, मी जेवतो, पाऊस कधी पडेल इतकं आम्ही बोलतो. फेब्रुवारीत! ती हो म्हणाली तर काय करायचं, याची भीती आहे. आणि नाही म्हणाली, तर ते भीतीनं म्हणाली की मनानं, हे मला कसं कळणार?

तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. रिटायरमेंटचे पैसे सगळे एका ठिकाणी ठेवू नकोस. सोहमला नोकरी लागली हे आईकडून कळलं, तिला वहिनींनी सांगितलं, मला मात्र तू सांगितलं नाहीस. त्याचं बोलू आपण. वहिनींना नमस्कार. बडोद्याचा चिवडा आणलास तर आईला फार तिखट चालत नाही.

कारण तुला यायचं आहे. होळी २४ मार्चला आहे, धुळवडीची सुट्टी धरून चार दिवस ये. प्राजूशी मीच बोलणार आहे, ते काम या वेळी तुझ्या हातात देणार नाही. अंकुशशीही मीच. तू फक्त घरात अस. मी गिरणीमागे जायला लागलो तर तुला दिसेल.

लोणावळा लोकल पकडलीस की फोन कर. उचलतो.

तुझा,
विनू